खांदा मधेच अडकतो. एमआरआयमध्ये खांद्यात ‘लूज बॉडीज’, म्हणजे सांध्यात सुटे फिरणारे तुकडे, आल्यात. दुर्बिणीतून काढाव्याच लागतील, की औषधाने विरघळतील?

विरघळत नाहीत. मीही ८ महिने त्याच आशेवर काढले.

कॉलेजात कबड्डी खेळताना माझा खांदा निखळला. गावच्या हाडवैद्याने बसवला, पुढे आणखी दोनदा निखळला. नंतर १२ वर्षं काही नाही. मग एकदा रेल्वेत वरची बॅग काढताना हात कानाच्या वर गेला आणि तिथेच अडकला. दुसऱ्या हाताने कोपर धरून जरासा फिरवला, तेव्हा आत काहीतरी टक् करून सरकलं आणि हात खाली आला. एक्स-रे नॉर्मल. हे तुकडे बहुधा कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाचे; नुसती कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही; तुकड्याला हाड चिकटलेलं असलं किंवा त्यात कॅल्शियम साचलं असलं तरच दिसतो.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, ती सांध्यातल्या बुळबुळीत द्रवावर पोसते. तुटलेला तुकडाही त्याच द्रवात पडलेला, मग तो कशाला विरघळेल? उलट वर्षानुवर्षं थर चढून गोटीसारखा गुळगुळीत होतो. इंग्रजीत त्याला ‘सांध्यातला उंदीर’ म्हणतात. आज पुढे, उद्या मागे.

ऑपरेशनला पूर्ण भूल दिली, शिवाय हात बधिर करायला मानेजवळ इंजेक्शन. खांद्याला मागून एक, पुढून दोन बारीक छिद्रं. सलाईनने सांधा फुगवून आत कॅमेरा घालतात. सर्जन सांगत होते, तुकडा चिमट्याच्या तोंडाशी आला की पाण्याच्या धारेनेच निसटतो, म्हणून धरताना पाणी बंद करावं लागतं. काखेकडच्या खोलगटात किंवा पुढच्या स्नायूमागे हे हमखास लपतात. एमआरआयवर माझे तीन होते, निघाले चार. नर्सने डबीत दाखवले: तीन भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, चौथा हरभऱ्याएवढा, एका बाजूने खरखरीत.

रात्री ड्रेसिंग भिजून उशी ओली झाली. ते आत उरलेलं सलाईन, थोडं रक्त मिसळलेलं. त्या बाजूची पापणी उतरलेली, आवाज बसलेला; बायकोला वाटलं अर्धांगवायूच झाला. मानेजवळच्या इंजेक्शनने असं होऊ शकतं आणि ते उतरतं, पण आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि बधिरपणा जायच्या आधीच दुखण्याची गोळी घ्या. मी घेतली नाही, पहाटे तीनला देव आठवले.

आता खरा प्रश्न: तुकडे सुटले कशामुळे? नुसते काढायचे असतील तर एक-दोन दिवसांतच हात लोंबता सोडून हलवायला लावतात. निखळून निखळून खांद्याच्या खोबणीची कड, म्हणजे लेब्रम, फाटली असेल आणि तीही शिवली, तर हात झोळीत ४ ते ६ आठवडे. झीज असेल तर अडकणं थांबतं, झिजेचं दुखणं राहतं. सायनोव्हियल कॉन्ड्रोमॅटोसिस नावाच्या आजारात सांध्याचं अस्तरच तुकडे तयार करतं. ते अस्तरही काढतात, तरी पुन्हा होऊ शकतात.

खांदा अडकत नसेल, दुखत नसेल तर बरेच डॉक्टर हात लावत नाहीत. तुमचा अडकतोय, म्हणजे तुकडा चांगल्या कूर्चेवर घासत असणार. मी तरी माझ्यासारखे ८ महिने घालवू नका म्हणेन. रिपोर्टमध्ये लेब्रमबद्दल काय लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घ्या, सुट्टीचा अर्ज त्यानंतर टाका. मी १० दिवसांचा टाकला होता आणि सहाव्या आठवड्यात डाव्या हाताने सही करून वाढवत होतो.