नऊ दिवसांचं नाव

ताई, मी नागपूरची, वय ३१. मे महिन्यात मला सातव्या महिन्यातच मुलगा झाला. नऊ दिवस काचेच्या पेटीत होता, आणि गेला. बाप्तिस्मा झाला नव्हता, नावही ठेवलं नव्हतं. भेटायला येणारे सगळे एकच वचन सांगायचे, प्रभूला हजार वर्षं एका दिवसासारखी. मग नऊ दिवस म्हणजे त्याच्या हिशेबी काहीच नाही ना? त्याला माझं बाळ दिसलं तरी असेल का? सासूबाई म्हणतात, "नऊ दिवसाच्या लेकराचं काय एवढं घेऊन बसली, दुसरं होईल." नवरा तर बोलतच नाही. बाळाला पुरलं तिथे साधी खूणही नाही. मी मनातल्या मनात त्याला एका नावाने हाक मारते, ते कुणालाच माहीत नाही. आता ख्रिसमस आला. चर्चमधल्या गव्हाणीकडे मला बघवणार नाही. कधी कधी वाटतं, आपणही त्याच्याकडेच जावं.
— बाळाची आई

बाळाची आई,

तू सही अशी केलीस, म्हणून मीही तुला हीच हाक मारते.

तुझं शेवटचं वाक्य आधी घेते. दुःखात असं तोंडून निघून जातं, हे खरं. पण जीव द्यायचे विचार खरोखरच मनात घोळत असतील, तर आज रात्रीच्या आत घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांग आणि १४४१६ वर फोन कर. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. बाळंतपणानंतर आईचं मन खचणं हा आजारही असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे गेल्याने विश्वास उणा होत नाही.

आता ते वचन. लोकांनी तुला ते अर्धंच सांगितलं, याचं मला फार वाईट वाटलं. पेत्राचं दुसरं पत्र काढ, तिसरा अध्याय, आठवं वचन. तिथे आधी येतं ते हे, की प्रभूला एक दिवस हजार वर्षांसारखा आहे. हजार वर्षं एका दिवसासारखी, हे त्याच्या नंतर. सांत्वनाला आलेल्यांनी नंतरचं उचललं आणि पहिलं दाराबाहेर ठेवलं. देव अनादि आहे म्हणून आपले दिवस त्याच्यापुढे धुळीसारखे उडून जातात, असा त्याचा अर्थ मला लागत नाही. ज्याला घाई नाही, ज्याच्याजवळ कालचा दिवस जुना होत नाही, त्याच्यापाशी एकेक दिवस अख्खाच्या अख्खा राहतो. तुझ्याकडून ते नऊ दिवस निसटले. त्याच्याकडून निसटले नाहीत.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी नव्वदावं स्तोत्र वाचलं असेल, बहुतेक वाचतात. ती मोशेची प्रार्थना. रानात एक अख्खी पिढी मातीआड होताना पाहिलेल्या माणसाची. माणसाचं आयुष्य सत्तर, फार तर ऐंशी वर्षं, असं तो म्हणतो. पण पुढे मागणं मागताना वर्षं मोजायला शिकव म्हणत नाही, दिवस मोजायला शिकव म्हणतो. तू ते शिकूनच बसली आहेस. पत्रात तू वेगळ्या कागदावर लिहिलंस, की सहाव्या दिवशी नर्सने पेटीच्या खिडकीतून हात आत घालू दिला, आणि त्याने तुझ्या करंगळीचं टोक धरलं, नखासकट, आणि तुझ्या पायाला रग लागेपर्यंत सोडलं नाही. तो दिवस बुधवार होता हेसुद्धा तुला आठवतं. माझ्या कितीतरी वर्षांतला एक बुधवार मला असा सांगता यायचा नाही.

नागपूरची आहेस म्हणून एक सांगते. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी म्हणून इथे आले आणि सुवार्तेबरोबर इथले दगडही वाचत राहिले. त्यांना टाकळीला, खडकाच्या थरात, गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख सापडले. सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची, त्याच लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेले, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. एखाद्या तळ्यात थोडे दिवस जगलेला जीव, आणि त्याच्या शंखाचा पीळ अजून मोजता येतो. हिस्लॉप स्वतः १८६३ मध्ये नदी ओलांडताना बुडून गेले, पन्नाशीही झाली नव्हती. गोगलगाईची खूण जो एवढी जपतो, तो तुझं लेकरू विसरेल, हे मला पटत नाही.

बाळ बाप्तिस्म्याविना गेलं, ही भीती सासूबाईंच्या मनात असावी. शास्त्रात अशाच एका तान्ह्या लेकराची गोष्ट आहे. दाविद राजाचं बाळ सातव्या दिवशी गेलं. शास्त्रात त्याचं नाव नाही, तरी त्याचे दिवस लिहून ठेवलेत. तिथे दाविदाच्या पापाचा विषय आहे, तो तुझा नाही. कुणी जोडायला आलं तर ऐकून घेऊ नकोस. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, त्याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. दाविदाचं मात्र एक वाक्य घे: तो माझ्याकडे येणार नाही, मी त्याच्याकडे जाईन. आणि हे म्हणण्याआधी तो उठला होता, अंघोळ केली होती, जेवला होता. जाणं देवाच्या हातात ठेवून जेवला.

गव्हाणीकडे यंदा बघवलं नाही तर बघू नकोस. मागच्या बाकावर बस, मध्येच उठून ये, करंज्या दुसरं कुणी करील. पण त्या गव्हाणीत काय आहे, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्याला आदि-अंत नाही, तो दिवसांनी मोजला जायला आला. त्याचंही वय एक दिवस होतं, मग दोन. लूक लिहितो, आठवा दिवस आला तेव्हा त्याचं नाव येशू ठेवलं.

तुझ्या बाळानेही आठवा दिवस पाहिला होता. नाव ठेव त्याचं. पाळकसाहेबांना भेट, दफनभूमी पाहणाऱ्या मंडळींना विचार, लहानसा दगड बसवता येईल. नाव आणि दोन तारखा, एवढंच. सासूबाईंशी वाद घालत बसू नकोस, त्यांनाही सोबत ने. त्यांनीही नातू पुरलाय, त्यांना तो न बोलता विसरायचाय इतकंच.

आणि नवरा. तो गप्प आहे म्हणून त्याचं कमी दुखतंय असं नाही. त्यानेही मनातल्या मनात एखादं नाव ठेवलं असेल, तुझ्यासारखंच. आज रात्री जेवणं झाल्यावर त्याला तुझं नाव सांग, आणि त्याचं विचार. मला नाही कळवलंस तरी चालेल. आधी त्याला कळू दे.