अकरावीतली मॉडेल आणि ८५ हजारांचा पोर्टफोलिओ

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी १६ वर्षांची, अकरावी कॉमर्सला. गुजरीतल्या एका सराफाच्या जाहिरातीसाठी तिचे फोटो काढले, शहरात होर्डिंग लागलं. मग मुंबईच्या एका एजन्सीचा फोन आला: ८५ हजारांत पोर्टफोलिओ (काम मागताना दाखवायचा फोटोंचा संच), तीन वर्षांचा करार आणि सहा महिन्यांत मालिका. मुलगी म्हणते बारावीचं नंतर बघू, दीपिका पदुकोणनेही कॉलेज सोडलं होतं. आई विचारतात, पाठवू का?

ताई, नमस्कार.

पैसे भरू नका आणि करारावर सही करू नका. मुलीला मात्र ‘हे तुझं काम नव्हे’ असं म्हणू नका. होर्डिंग बघून फोन आला म्हणजे तिचा चेहरा कॅमेऱ्यात उठून दिसतो, आणि ही सुरुवात खरी आहे.

या धंद्यात पैसा कुठून कुठे जातो ते आधी समजून घ्या. कास्टिंग डायरेक्टर भूमिकांसाठी कलाकार निवडतो, त्याला पैसे निर्माता देतो. मॉडेल कोऑर्डिनेटर काम मिळवून देतो आणि आलेल्या मानधनातून कमिशन कापून घेतो, साधारण १० ते २० टक्के. म्हणजे दोघांचीही कमाई काम झाल्यावरच होते. जो आधी पैसे मागतो त्याची कमाई तुम्ही पैसे भरले की पूर्ण झाली, पुढे काम आणायचं त्याला कारणच उरत नाही. रजिस्ट्रेशन, आर्टिस्ट कार्ड, ड्रेसचं डिपॉझिट, ऑडिशन फी ही सगळी या आगाऊ पैशांचीच नावं. ऑडिशन द्यायला ‘सिंटा’ या कलाकारांच्या संघटनेचं सदस्यत्वही लागत नाही.

शिवाय सोळाव्या वर्षी महागडा पोर्टफोलिओ वर्षभरात जुना होतो, कारण चेहरा अजून बदलतो आहे. कास्टिंगवाल्यांना मेकअपखालचा चेहरा बघायचा असतो. तो घरीच टिपता येतो. सकाळी खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीपुढे, केस बांधून, अंगाला नीट बसणाऱ्या एकरंगी कपड्यांत पाच फोटो काढा: समोरून क्लोजअप, डावी बाजू, उजवी बाजू, कमरेपर्यंतचा आणि पूर्ण उंचीचा. फोन अगदी चेहऱ्याजवळ धरला तर नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात, म्हणून पाच-सहा फूट लांब उभं राहून दुप्पट झूम करा. क्लोजअपला लेन्स डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. फिल्टर लावू नका, फोटो दर तीन-चार महिन्यांनी नवे काढा.

इंट्रो व्हिडिओ ४० सेकंदांचा पुरे. नाव, वय, उंची, गाव, येणाऱ्या भाषा, दोन्ही बाजूंचा चेहरा, दोन्ही हात पुढून-मागून. दागिन्यांच्या जाहिरातीत हात नीट बघतात. उंची खरी सांगा. रॅम्पसाठी मुलींना साधारण पाच फूट सात-आठ इंच लागते, छापील जाहिरात आणि मालिकेला तशी अट नसते. संवादाची ऑडिशन रेकॉर्ड करताना पंखा बंद ठेवा. समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारी व्यक्ती लेन्सच्या अगदी शेजारी उभी करा आणि तिला हळू आवाजात वाचायला सांगा. ती लांब बसली तर मुलीची नजर भलतीकडे जाते, मोठ्याने वाचलं तर वाचणाऱ्याचाच आवाज ठळक येतो. पुष्कळ चांगल्या मुली इथेच मागे पडतात.

आता करार. १८ वर्षांखालच्या मुलीने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून एजन्सी तुमची सही मागणार आणि बांधले जाणार तुम्ही. तीन वर्षं दुसऱ्या कुणामार्फत काम करायचं नाही असं कलम असेल, तर त्यांनी एकही काम आणलं नाही तरी मुलगी अडकून पडते. एकेका कामाचा करार मात्र खुशाल करा. त्यात फोटो किती महिने, कुठल्या भागात आणि कुठल्या माध्यमात वापरणार ते लिहून घ्या. सराफाशी हे बोलणं झालं नसेल तर आजच करा. दुसऱ्या दागिन्यांच्या दुकानाचं काम घ्यायचं नाही अशी त्यांची अट असेल, तर तिची मुदत ठरवा आणि तेवढे जादा पैसे मागा.

१४ वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती, जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, त्यामुळे हे संरक्षण तिला आपोआप मिळणार नाही. तासांची मर्यादा, रात्रीचं शूटिंग नाही, पालक सेटवर हजर, कपडे आधी दाखवणार, एवढं करारातच घाला. ऑडिशन दिवसा आणि ऑफिसमध्येच. हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जायचंच नाही. कुणी त्रास दिला तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे आणि १८ वर्षांपर्यंत पॉक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू होतो.

मॉडेलिंगकडून अभिनयाकडे जाताना अडतं ते दोन ठिकाणी. कॅमेरा समोर आला की हनुवटी आणि खांदा ‘चांगल्या अँगल’ला नेण्याची सवय लागलेली असते. भांडणाच्या प्रसंगातही मुलगी चेहरा सांभाळत राहते आणि समोरच्याचं वाक्य ऐकतच नाही. दुसरी अडचण आवाजाची. फोटोत तो कधी लागलाच नाही, त्यामुळे लांब वाक्याच्या शेवटी श्वास संपतो आणि क्रियापद गिळलं जातं. रोज २० मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून, रेकॉर्ड करून, तिने स्वतः ऐकावं. ‘मी येतो, मी जातो’ हे मुलींचं कोल्हापुरी बोलणं पुसून टाकू नका, त्याच्या भूमिका असतात. प्रमाण मराठीही तितक्याच सहज यायला हवी.

नाटक हा यावरचा सगळ्यात चांगला उपाय, आणि त्यासाठी मुंबई लागत नाही. हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र आहे. तिथे उतरणाऱ्या एखाद्या संस्थेत आधी पडद्यामागचं काम मागा, तालमी बघूनच पुष्कळ कळतं. सुट्टीत मोरेवाडीच्या चित्रनगरीत एखाद्या दिवसाची छोटी भूमिका मिळाली तर जरूर करावी.

बारावी सोडू नये. दीपिकाने सोडलं ते पदवीचं शिक्षण, आणि २००७ च्या पहिल्या हिंदी चित्रपटाआधी तिने अभिनयाचं प्रशिक्षण घेतलं होतं. अमेरिकन अभिनेत्री ब्रुक शील्ड्स पंधराव्या वर्षी जीन्सच्या जाहिरातींनी जगभर गाजली, तरी १९८७ मध्ये प्रिन्स्टनमधून फ्रेंच साहित्याची पदवी घेऊन बाहेर पडली. तिची स्वतःची टीव्ही मालिका १९९६ ला सुरू झाली. पुण्याच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाट्यशास्त्राची पदवी करता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला तर पदवीच लागते. रोजच्या मालिकेत १२ तासांची शिफ्ट आणि महिन्याला २०-२५ दिवस जाऊ शकतात. तेव्हा मुख्य भूमिका १८ नंतरच घ्यावी. मध्येच खरोखर मोठं काम आलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय हे मार्ग आहेत.

गोरेपणाची क्रीम आणि वजन उतरवण्याच्या पावडरी घरात येऊ देऊ नका. अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड असतं, त्याने त्वचा पातळ होते आणि पुरळ येतं, मग ते झाकायला आणखी मेकअप.

मुलीच्या नावाचं पॅन कार्ड काढा. मानधनातून साधारणपणे १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा कर, वजा होतो, पॅन नसेल तर २०. तिच्या कलेची कमाई तुमच्या उत्पन्नात मिळवली जात नाही. तिचं स्वतंत्र विवरणपत्र भरलं आणि उत्पन्न करपात्र नसेल, तर कापलेले पैसे परत मिळतात. मानधन कधीकधी काम झाल्यावर ९० दिवसांनी येतं, तेव्हा मुंबईच्या फेऱ्यांचा खर्च त्यावर अवलंबून ठेवू नका.

एजन्सीला लेखी तीन प्रश्न पाठवा: पोर्टफोलिओ न घेता कमिशनवर काम कराल का? गेल्या वर्षी तुमच्यामार्फत कुणाला कुठलं काम मिळालं? दुसरीकडे काम करण्याची मोकळीक ठेवाल का? पहिल्याच प्रश्नाला ‘आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढावे लागतील’ असं उत्तर आलं, तर पुढचा फोन उचलू नका.