खान्देशात धर्म-संस्कृतीच्या अभ्यासकांचं मंडळ काढायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की शहाद्याला कॉलेजात नुकते लागलात, बौद्ध धर्मावर पीएचडी झालीय, ओळखीत असे पाच-सहा जण आहेत, आणि आशियातल्या धर्म-संस्कृतीचा अभ्यास करणारं खान्देशपुरतं मंडळ काढायचंय, तर आधी रजिस्ट्रेशन करू की आधी एक राष्ट्रीय परिषद घेऊ. मी अमळनेरचा, आयुष्यभर लायब्ररीत नोकरी केली, आणि असंच एक छोटं मंडळ आम्ही अकरा वर्षं चालवतोय, म्हणून सरळ सांगतो, दोन्ही आत्ता नको. आधी महिन्याची बैठक लावा.

ह्याच्या आधी मी दुसऱ्या एका मंडळात होतो. नाव सांगत नाही, माणसं मनापासून काम करणारी होती. उद्घाटनालाच दोन दिवसांची राष्ट्रीय परिषद घेतली, मांडव, स्मरणिका, तीनशे लोक, पेपर वाचायला प्रत्येकी पाच मिनिटं आणि प्रश्नांना वेळच नाही, दुपारी जेवण झाल्यावर निम्मे लोक सर्टिफिकेट घेऊन स्टँडवर. पुढच्या वर्षी सेक्रेटरींची बदली झाली, तिसऱ्या वर्षी अध्यक्ष वारले, नवीन कार्यकारिणी नेमली पण चेंज रिपोर्ट, म्हणजे पदाधिकारी बदलल्याची धर्मादाय कार्यालयात द्यायची नोंद, कोणी टाकलाच नाही, शेड्युल वनवर, म्हणजे तिथल्या नोंदवहीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं, बँक म्हणे सह्या बदलता येणार नाहीत, आणि लोकांनी विश्वासाने दिलेली वर्गणी खात्यात तशीच पडून. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही एवढंच ठरवलं की दर महिन्याचा दुसरा रविवार, दुपारी चार, एकाने चाळीस मिनिटं वाचायचं, मग तासभर प्रश्न, आणि एकाने रजिस्टरमधे इतिवृत्त लिहायचं. किती का जण येवोत, बैठक होणार. एका जुलैत पाऊस असा होता की चौघंच आलो, तरी वाचन झालं, इतिवृत्तही लिहिलं, आणि त्या दिवसाचं टिपण मला आजपण उपयोगी पडतं. ते रजिस्टर हेच खरं मंडळ आहे असं मी मानतो, लेटरहेड नंतर छापता येतं.

एक बैठक सांगतो म्हणजे लक्षात येईल. एका मुलीने कानबाईवर, आपल्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवावर, वाचलं, चांगली तयारी होती, पण तिने लिहिलं होतं की उत्सव श्रावणातल्या पहिल्या रविवारी असतो. मागे एक आजी बसल्या होत्या, कोणाच्या तरी सोबत आलेल्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "नागपंचमी नंतरना ऐतवार, बाई." मग बोलायलाच लागल्या, रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा सव्वा मूठ कसे काढायचे, त्या दळणाआधी गिरणीवाला गिरणी कशी धुऊन ठेवायचा, रोट भाऊबंदांनीच खायचा, बाहेर द्यायचा नाही, आणि त्यांच्या सासरी एक भाऊ वेगळा झाला तेव्हा त्याचे गहू मोजायचे की नाही ह्यावर केवढा वाद झाला होता. ती मुलगी पेन घेऊन आजींच्या शेजारी जाऊन बसली आणि साडेसात वाजले तरी उठली नाही. भाऊबंदकी म्हणजे काय हे त्या सव्वा मुठीत जेवढं दिसतं तेवढं मला आधी कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

तर सभासद करताना पीएचडीची अट घालू नका. कीर्तनकार घ्या, मोडी वाचणारे निवृत्त तलाठी घ्या, महानुभाव मठातले बाबा, विहारातले भंते, उर्दू-फारसी येणारे मौलवीसाहेब, आणि तुम्ही तर सातपुड्याच्या पायथ्याशीच आहात, धडगाव-अक्कलकुव्याकडचे पावरा आणि भिल शिक्षक पहिल्या दिवसापासून घ्या, पाहुणे म्हणून नको, कार्यकारिणीत घ्या. अक्कलकुव्याकडच्या काठी गावच्या आदिवासी होळीवर वाचायचं असेल तर ती होळी ज्यांच्या घरची आहे त्यांनी आधी बोलावं. आमच्याकडे एकच नियम आहे, कुठल्याही धर्माबद्दल बोलताना तो मानणारा माणूस समोर बसलाय असं समजून बोलायचं, कारण तो बसलेलाच असतो. प्रश्न मात्र कितीही अवघड विचारायचा. सुरुवातीला दोन-तीनदा तणाव झाला, एकदा एक जण उठून गेले, मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, पुढच्या महिन्यात ते परत आले. हे काम अध्यक्षाने स्वतःच करायचं असतं.

नावात "आशियाई" ठेवू का, लोक म्हणतील खान्देशात कशाला एवढं मोठं, असंही तुम्ही विचारलंय. ठेवा, बिनधास्त ठेवा. अजिंठा जळगावपासून साठेक किलोमीटर, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी चाळीसगावला लागून. फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी बुऱ्हाणपूर, आज ते मध्य प्रदेशात असलं तरी आपलंच, तिथल्या जामा मशिदीत १५९० च्या सुमाराचा अरबी लेख आहे आणि त्याच मशिदीत संस्कृत लेखही आहे, दोन्ही समोरासमोर वाचणारे दोन जण तुमच्या मंडळात असले की वर्षाचं काम मिळालं. आणि आमच्या अमळनेरला गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ मधे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, १९३० च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा तत्त्वज्ञ बंगालमधून येऊन तिथे संचालक होता, इंग्रजी त्रैमासिक इथून निघायचं, साने गुरुजी आधी तिथेच विद्यार्थी म्हणून आले. गिरणीच्या गावात हे झालं. धुळ्याला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला वारले आणि त्यांची दप्तरं सांभाळायला लोकांनी १९२७ मधे संशोधन मंडळ उभं केलं, समर्थ रामदासांचे अभ्यासक नानासाहेब देव, त्यांनी मठामठातून रामदासी हस्तलिखितांची बाडं गोळा केली ती तिथल्याच वाग्देवता मंदिरात आहेत. हे सगळं मोठ्या शहरांची वाट न बघता झालंय. फक्त एक करा, एक महिना इथला विषय, एक महिना बाहेरचा, लंका, तिबेट, इराण, जपान, काहीही. नाहीतर हळूहळू नुसतं गावगौरवाचं मंडळ होतं आणि त्यात अभ्यास राहत नाही.

पैशाचं. ह्यावर मला पाटणचा शिलालेख नेहमी आठवतो, चाळीसगावजवळ पाटणादेवीचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, सिंघण यादवाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला तिथे मठ काढला, १२०७ मधे स्थानिक निकुंभ राजाने त्याला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे पण शेवटी जुनी मराठी येते, आणि त्यात खर्चाची सोय लिहिलीय, ह्या पाटणात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला, आणि जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांकडून पळी पळी तेल. मी तो लेख पहिल्यांदा समजून घेतला तेव्हा अंगावर काटा आला होता. आठशे वर्षांपूर्वी इथल्या बाजाराने आणि तेल्यांनी गणिताची शाळा पोसली. आम्हीही तसंच करतो, एका मोठ्या देणगीदारावर राहत नाही, सभासदाचे महिन्याला पन्नास रुपये, चहा एक दुकानदार पाठवतो, झेरॉक्स दुसरा करून देतो. मोठी देणगी आली की पाठोपाठ अध्यक्षपदाची अपेक्षा येते, हे मी आधीच्या मंडळात बघितलंय.

रजिस्ट्रेशन दोन वर्षांनी करा, तोवर कोण टिकतं ते कळतं. संस्था नोंदणी कायदा १८६० खाली कमीत कमी सात जण लागतात, आणि आपल्याकडे सार्वजनिक न्यास कायदा १९५० खालीही नोंद करावी लागते, सगळं धर्मादाय कार्यालयातच होतं. घटनेत कार्यकारिणीची मुदत, निवडणूक आणि गणपूर्ती स्वच्छ लिहा, नमुना घटना कॉपी-पेस्ट करू नका. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, दरवर्षी ऑडिट. ह्यासाठी कार्यकारिणीत एक माणूस असा ठेवा ज्याला धर्म-संस्कृतीपेक्षा कागदपत्रांची आवड आहे, त्याचे उपकार फार असतात.

नियतकालिकाची घाई नको. दोन वर्षांच्या इतिवृत्तातून चांगले आठ-दहा लेख निघतील, त्याचा वार्षिक अंक काढा. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख नंबर, दिल्लीहून फुकट मिळतो, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका, आणि लेखकाकडून छापायचे पैसे तर कधीच घेऊ नका, एकदा घेतले की लेख नाकारायचा अधिकार गेला. तुमच्या प्राध्यापक मित्रांना प्रमोशनच्या पॉइंटची काळजी असणार, ती खोटी नाही, पण यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन-नियतकालिकांची यादीसुद्धा २०२५ मधे बंद केली, यादीच्या मागे धावून अंक काढले असते तर आज काय केलं असतं.

तुमच्या पहिल्या बैठकीला पाटणचा तो मराठी भागच घ्या, ओळी थोड्या आहेत, प्रत्येकाला झेरॉक्स द्या आणि मिळून वाचा. तारीख ठरली की इथेच खाली लिहा, अमळनेरहून नंदुरबारला रेल्वे आहे, पुढे शहाद्याला एसटीने येतो, येताना आमचं पहिलं रजिस्टर घेऊन येतो.