आईला कॅन्सर आहे हे तिच्यापासून लपवावं का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला आईच्या बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर निघाला, बाबांनी तिला "साधी गाठ आहे" म्हणून सांगितलं आणि आता खरं सांगावं की नाही यावर घरात एकमत होत नाहीये.

सांगा. लवकर सांगा, नाहीतर केमोला शेजारच्या खुर्चीवर बसलेली बाई सांगेल. मी स्वतः यातून गेले आहे. माझीही फाइल कपाटावर ठेवली होती आणि मी खोलीत गेले की फोनवरचं बोलणं थांबायचं. हे सगळे गप्प आहेत म्हणजे आपलं काही खरं नाही, एवढंच मनात यायचं. बाबांनाच बोलू द्या. आधी तिला विचारा, "तुला काय वाटतंय?" बहुतेक तिला अंदाज आलेलाच असेल.

शिवाय शरीर तिचं आहे. गाठ लहान असेल तर पुष्कळदा तेवढीच काढून रेडिएशन देतात. अशा बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगतात, हे वीस-वीस वर्षं पाठपुरावा करून 2002 साली छापलेल्या अभ्यासांत दिसलंय. आजारच माहीत नसेल तर ती डॉक्टरांना हे विचारणार कशी? टाटाला दुसरं मत घ्यायचं असेल तर बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड्स लॅबमधून मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर भागत नाही. आणि बायोप्सीने कॅन्सर पसरतो म्हणणाऱ्या नातेवाइकांचं मुळीच ऐकू नका.

बऱ्याच केमोंमध्ये पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात. माझी वेणी कंबरेपर्यंत होती. नणंदेने आधीच विचारलं, "वहिनी, आपणच कापूया का?" गॅलरीत स्टुलावर बसवून तिने हळूहळू कापले, मला रडू दिलं, "परत येतील" वगैरे काही म्हणाली नाही. तेवढा आधार मला दुसऱ्या कुणाचा वाटला नाही.

आपल्याकडे भेटायला येणारे कचोरी, जिलेबी घेऊनच येतात. केमोत तळणाचा वास सोसत नाही, त्यांना आधीच फोन करून सांगा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला तर गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.

आईला चव्वेचाळिसाव्या वर्षी झालाय म्हणता. मग तुमच्या स्वतःच्या तपासण्या कधी सुरू करायच्या आणि आईची जनुकीय चाचणी करावी का, हेही त्याच डॉक्टरांना विचारून घ्या.