डेमोला जाताना स्वतःचा कागद न्या

प्रश्न : सप्रेम नमस्कार. वडिलांनी सुरू केलेला छापखाना आता मी आणि धाकटा भाऊ पाहतो. दोनरंगी ऑफसेट आहे. रंगीत कामाला कचेरीत वापरतात तसलं एक मशिन आहे, त्यावर आजवर भागवलं. महिन्याला ए3च्या साधारण 35,000 बाजू निघतात. 50 ते 300 प्रतींची पुस्तकं, त्यांची मुखपृष्ठं, माहितीपत्रकं, व्हिजिटिंग कार्डं आणि थोडी प्रमाणपत्रं अशी कामं असतात. आता प्रॉडक्शन मशिन घ्यायचं ठरवलं आहे. मिनिटाला 70, 80 आणि 100 पानांची तीन कोटेशनं हातात आहेत. भाऊ म्हणतो, 100चंच घेऊ. एक परिचित म्हणतात, घ्यायचं तर इंडिगो (द्रव टोनरचं डिजिटल मशिन) घ्या, नाहीतर थांबा. डेमोत तिन्हीकडची छपाई सुंदरच दिसली. मग तुलना करायची तरी कशी?

उत्तर : ताई, डेमोत सगळ्यांचीच छपाई सुंदर दिसते. तिथे लावलेली फाइल निवडून ठेवलेली असते: गडद फुलं, पाण्यावरचं ऊन, पक्ष्यांची पिसं. कागद गुळगुळीत आर्ट पेपर. मशिनची सर्व्हिस आदल्या दिवशी झालेली. अशा चित्रात दोष लपतात, कारण डोळा रंगांत गुंततो.

म्हणून पहिलं काम घरीच करा. गेल्या सहा महिन्यांची जॉबवही काढा आणि प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहा: कागद कोणता आणि किती जीएसएमचा (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), प्रती किती, पाठपोट की एकतर्फी, आणि छपाईनंतर त्याचं काय झालं. घडी, लॅमिनेशन, बाइंडिंग, नंबरिंग, जे असेल ते. ही यादी हातात आली की तिन्ही कोटेशनं निराळी दिसू लागतील.

आधी वेगाचं बोलू, कारण भावाचा जीव त्यात आहे. मिनिटाला 80 पानं म्हणजे ए4 पानं. ए3 घातला की हा आकडा जवळपास निम्मा होतो, आणि पाठपोट म्हटलं की आणखी निम्मा. म्हणजे मिनिटाला साधारण 20 ताव, तासाला 1,200. हा झाला साध्या जाडीच्या कागदाचा हिशेब. मुखपृष्ठाचं 300 जीएसएम कार्ड घातलं की काही मशिनं वेग उतरवतात, कारण जाड कागद तापायला वेळ लागतो. काही मशिनं मात्र तोच वेग शेवटपर्यंत धरतात. एकाच तासात 100 जीएसएमचं पुस्तक, मग 300चं कव्हर, मग पुन्हा पुस्तक असं केलं, तर फ्यूजरचं, म्हणजे तापवून रंग कागदावर पक्का करणाऱ्या भागाचं, तापमान जुळेपर्यंत मशिन थांबतं ते वेगळंच. तुमची कामं छोटी आणि भिन्न कागदांची आहेत. तुमच्याकडे 100चं मशिन 80च्याला किती मागे टाकेल, हे कागद बदलण्यात जाणाऱ्या वेळावर ठरेल. डेमोत घड्याळ लावून हेच पाहा: तीन कागद, तीन जॉब, एकामागून एक. ‘कमाल मासिक क्षमता’ या आकड्यावर जाऊ नका, ती एखाद्या महिन्याची धाव असते. रोजच्या वापरासाठी कंपनी किती सरासरी सुचवते, तेवढं लेखी घ्या.

आता इंडिगो. 1993 साली इंडिगो आणि झायकॉन ही रंगीत डिजिटल यंत्रं बाजारात उतरली. ऑफसेटवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना प्लेटशिवाय चार रंग निघतात याचं फार अप्रूप होतं. इंडिगो 2002पासून एचपीकडे आहे. त्यात टोनरचे, म्हणजे रंगाच्या भुकटीचे, कण तेलासारख्या द्रवात असतात आणि ते एक-दोन मायक्रॉन इतके बारीक. कोरड्या टोनरचा कण साधारण पाच ते आठ मायक्रॉनचा. त्यामुळे इंडिगोवर थर पातळ बसतो, कागदाची मूळ चमक टिकते, छपाई हाताला लागत नाही. हे सगळं खरं आहे. पण ती शाई धरायला बऱ्याच कागदांवर आधी प्रायमरचा लेप लागतो. एका ब्लँकेटवरून, म्हणजे रंग कागदावर उतरवणाऱ्या पटलावरून, रंग एकेक करून येतात, म्हणून चार रंगांना चार फेरे आणि हिशेबही रंगागणिक. एकरंगी-दोनरंगी कामाला हीच पद्धत सोयीची. ब्लँकेट आणि फोटो प्लेट (यंत्रातली, जिच्यावर आधी चित्र उमटतं ती) मात्र तुमच्या मशिनमनलाच बदलाव्या लागतात, तेवढा तयार माणूस हवा. ए3च्या 35,000 बाजूंवर ते मशिन दिवसातला बराच वेळ नुसतं उभं राहील, असं मला स्पष्ट वाटतं. परिचितांनी मनापासूनच सांगितलं असेल, पण त्यांचं काम तुमच्यापेक्षा निराळं असणार. फूजीफिल्मच्या जेट प्रेससारखी ताव घेणारी इंकजेट यंत्रं बी2 आकाराची, म्हणजे ए3हून बऱ्याच मोठ्या तावाची, असतात. तीही उत्तम आहेत, पण आज तो तुमचा प्रश्न नाही. तुम्ही कोरड्या टोनरच्याच मशिनांत निवड करा.

ती करताना जे मला महागात पडलं, ते सांगतो. आमच्याकडे पहिलं टोनर मशिन आलं त्या वर्षी एका पुस्तकाच्या 300 प्रती होत्या. मुखपृष्ठ कडेपासून कडेपर्यंत गर्द निळं. छपाई अशी उतरली होती की मी ते ताव टेबलावर पसरून कितीतरी वेळ पाहत उभा होतो. त्याच संध्याकाळी ऑफसेटच्या कामाला वापरायचो तीच थर्मल फिल्म लावून मॅट लॅमिनेशन केलं, दुसऱ्या दिवशी बाइंडिंग, तिसऱ्या दिवशी माल रवाना. नवव्या दिवशी लेखक स्वतः पुस्तक घेऊन आले. कण्याच्या घडीलगत तांदळाच्या दाण्याएवढे फुगे होते. मी नखाने फिल्म उचलली तर ती सोलून निघाली, खाली निळा जसाच्या तसा. टोनरमध्ये मेण असतं, ते फ्यूजरमध्ये पृष्ठभागावर येतं आणि त्यावर साध्या फिल्मचा गोंद धरत नाही. डिजिटल छपाईसाठी जास्त पकडीची फिल्म मिळते, ती तेव्हा मला ठाऊक नव्हती. तीनशेच्या तीनशे मुखपृष्ठं पुन्हा छापली. लेखक एक शब्दही वाकडं बोलले नाहीत, याची टोचणी मला आजही आहे.

म्हणून डेमोला जाताना तुमचे स्वतःचे कागद न्या, रीम उघडलेली असेल तशी. एक आर्ट कार्ड, पुस्तकाचा मॅपलिथो आणि प्रमाणपत्रांचा तो खरबरीत कागद, हे तिन्ही हवेत. फाइलही तुमचीच. एका तावावर काळ्याचा 30 टक्क्यांचा सपाट टिंट (फिकी छटा), शेजारी निळ्याचा 40 टक्क्यांचा. एक पूर्ण सॉलिड (भरीव रंग), त्यात सहा पॉइंटची पांढरी अक्षरं. माणसाचा चेहरा. एखाद्या कायमच्या ग्राहकाचा ठरलेला रंग.

टिंटकडे आधी पाहा. ताव डोळ्यांच्या पातळीला तिरपा धरा, म्हणजे आडवे पट्टे असतील तर दिसतील. फुलांच्या फोटोत ते कधीच दिसत नाहीत, माहितीपत्रकाच्या राखाडी चौकटीत लगेच दिसतात. खरबरीत कागदावर भिंग ठेवा आणि खळग्यांत टोनर पोचला आहे का ते बघा. पोचला नसेल तर सॉलिडमध्ये पांढरे ठिपके राहतात. प्रमाणपत्रं देणारा ग्राहक हेच ठिपके बोटाने दाखवतो.

मग 500 ताव सलग काढायला लावा. पहिला, अडीचशेवा आणि पाचशेवा बाजूला काढून शेजारी-शेजारी ठेवा. तिन्हींत ग्राहकाचा तो रंग तोच राहिला का, हे स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजून मागा. रंगातला फरक डेल्टा ई या मापात सांगतात. एकाच रनमध्ये तो दोनच्या आत राहिला तर मी समाधानी असतो. काही मशिनांत ताव बाहेर पडतानाच रंग आणि जागा मोजून दुरुस्त करणारं युनिट बसवता येतं, कोनिका मिनोल्टाचं आयक्यू-501 त्यातलंच. माझा आग्रह आहे की पैसे थोडे वाचवण्यासाठी असं युनिट वगळू नये. पाच माणसांचं लक्ष ते एकटं ठेवतं.

छापलेलं आर्ट कार्ड घरी आणा. एक ताव ग्रेनच्या, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या, दिशेने आणि एक आडवा, दोन्ही आधी क्रीझ (घडीसाठी दाबलेली रेघ) न करता घडी घाला, मग क्रीझ करून घाला. टोनर हा कागदावर बसलेला प्लास्टिकचा थर आहे, शाईसारखा मुरत नाही, त्यामुळे आडव्या घडीवर तो फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. तिन्ही मशिनांचे ताव शेजारी ठेवलेत तर फरक नजरेला येईल. लॅमिनेशनही तुमच्याच मशिनवर, तुमच्याच फिल्मने करून पंधरा दिवस ठेवा, मगच सही करा.

राहिला क्लिकचा करार, म्हणजे छापलेल्या दर बाजूमागे कंपनीला पैसे द्यायचा. क्लिक ए4ला मोजणार की ए3ला, लांब बॅनर तावाला किती, हे आकड्यात लिहून घ्या. किती टक्के कव्हरेज (पानाचा रंगाने भरणारा भाग) धरलं आहे आणि त्याहून जास्त टोनर गेला तर काय, हेही. ड्रम, फ्यूजर, ट्रान्सफर बेल्ट क्लिकमध्ये येतात का? कागद अडकून फुकट गेलेल्या तावांची वजावट मिळते का?

पुस्तकांचा एक बारकावा आहे. 200 पानांचं ए5 पुस्तक घ्या, त्यात आठ पानं रंगीत. ए3च्या एका बाजूवर चार पानं बसतात, म्हणजे एकूण 50 बाजू. रंगीत पानं विखुरलेली असतील तर आठ बाजू रंगीत मोजल्या जातात. तीच एका फर्म्यात, म्हणजे एकाच तावाच्या दोन बाजूंवर, आणली तर दोनच. आणि वर्डमधून आलेल्या फाइलीत काळं अक्षर पुष्कळदा चार रंगांत फुटलेलं असतं. डोळ्याला काळंच दिसतं, मीटरला मात्र प्रत्येक पान रंगीत. फायरीसारख्या रिपमध्ये, म्हणजे फाइल छपाईसाठी तयार करणाऱ्या प्रणालीत, काळं अक्षर फक्त काळ्यातच काढायची सोय असते, ती डेमोत तुमच्या फाइलीवर चालवून दाखवायला सांगा.

भावाला माझा नमस्कार सांगा. घड्याळाची चाचणी त्यालाच करू द्या.

प्रश्न : मी डिजिटल मशिनवर ऑपरेटर आहे. पाठपोट छपाई जुळत नाही. सकाळी जुळवलेलं दुपारी सरकतं. इंजिनिअर म्हणतात कागद वाईट, कागदवाले म्हणतात मशिन वाईट. मालक माझ्याकडे बघतात.

उत्तर : बहुतेक वेळा दोघांचंही थोडं-थोडं खरं असतं. पहिली बाजू फ्यूजरमधून गेली की कागदातली ओल उडते आणि ताव किंचित आकसतो. दुसरी बाजू त्या आकसलेल्या तावावर पडते, म्हणून तिचं माप वेगळं दिसतं. प्रत्येक बाजूचं माप स्वतंत्र कमी-जास्त करायची सोय तुमच्या मशिनमध्ये असेल. चार कोपऱ्यांत फुल्या असलेला ताव काढा, उजेडावर धरून फरक मोजा आणि तो आकडा त्या कागदाच्या नावाने साठवा. प्रत्येक कागदाला वेगळा आकडा लागेल.

दुसरी गोष्ट कटिंगची. ताव आत उलटतो तेव्हा आधीची मागची कड पुढे येते. तावांची लांबी अर्धा मिलिमीटर कमी-जास्त असेल तर तो फरक थेट जुळणीत उतरतो. गठ्ठ्यातले वीस ताव घ्या, दहा उलटे फिरवून बाकीच्या दहांवर ठेवा, टेबलावर ठोकून कडा एकसारख्या करा. बोट फिरवल्यावर पायरी लागली तर कागद काटकोनात कापलेला नाही. चारही बाजू कापून घ्या, निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

दुपारी सरकतं म्हणता, त्यावरून मला हवेचाच संशय आहे. रीम आयत्या वेळी फोडा, उरलेली लगेच गुंडाळून ठेवा, खोलीत आर्द्रता 45 ते 55 टक्के राहील असं पाहा. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी एकेक चाचणी ताव काढून त्यावर वेळ आणि आर्द्रता लिहा. ते ताव इंजिनिअर, कागदवाले आणि मालक या तिघांनाही दाखवा. तुम्ही मन लावून काम करता हे तुमच्या पत्रावरूनच कळतं, त्यांनाही कळू द्या.

प्रश्न : जुनं, वापरलेलं मशिन घ्यावं का?

उत्तर : मीटरचा आकडा आणि सर्व्हिसची वही दोन्ही दाखवत असतील तर विचार करा. त्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: तुमच्या नावावर सर्व्हिस करार देतील का, आणि रिपचा परवाना तुमच्या नावावर होईल का. यातल्या एकालाही नकार आला तर मशिन बघायलाही जाऊ नका.