सुप्रीम कोर्टाने रद्द केलेला कायदा सरकार पुन्हा आणू शकतं का?

तुमचा प्रश्न असा आहे: कोर्टाने कायदा रद्द केला आणि सरकारने थोडी शब्दांची फिरवाफिरव करून तो सभागृहात पुन्हा मंजूर करून घेतला, तर हा न्यायालयाचा अवमान नाही का?

नाही. कायदा करण्याचा अधिकार निकालामुळे संपत नाही. मात्र निकाल 'चुकीचा आहे' किंवा 'आम्हाला लागू नाही' असं विधिमंडळ ठरवू शकत नाही. तो निकाल ज्या दोषावर उभा आहे तो दोष काढणं, एवढंच त्याच्या हातात असतं. याची कसोटी 1969 च्या पृथ्वी कॉटन मिल्स खटल्यात मिळते: बदललेल्या कायद्यासमोर कोर्टाने तोच निकाल दिला असता का? 'नसता' असं उत्तर आलं तर नवा कायदा टिकतो.

ते प्रकरण भडोच नगरपालिकेच्या घरपट्टीचं. घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली होती, पण नगरपालिका कायद्यात शब्द होता 'रेट', आणि 'रेट' म्हणजे वार्षिक भाडेमूल्यावरचाच कर, असं सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका खटल्यात आधी ठरवलं होतं. म्हणजे सगळी अडचण एका शब्दाची. जमीन आणि इमारतींवर कर लावायचा अधिकार राज्याकडे होताच (राज्यसूची, नोंद 49). म्हणून गुजरातने वैधीकरण कायदा करून भांडवली मूल्यावरची जुनी आकारणी पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मागच्या तारखेपासून, वैध केली आणि ती कोर्टात टिकली.

दोष असा तांत्रिक असला की काम सोपं असतं. विषयच राज्याच्या अखत्यारीत नसेल, तर कायदा कितीही वेळा मंजूर केला तरी उपयोग शून्य. आणि मूलभूत हक्काचा भंग असेल तर खरी कसरत. आपला डान्स बारचा कायदा बघा. 2005 मध्ये बंदी आली, पण तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती. हायकोर्टाने 2006 मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये ती बंदी रद्द ठरवली. एक कारण हा भेदभाव, दुसरं व्यवसायाच्या हक्कावर घाला. 2014 मध्ये विधिमंडळाने सूट काढून बंदी सरसकट केली. भेदभाव गेला, पण व्यवसायाच्या हक्काचा मुद्दा जागच्या जागी राहिला, आणि 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या दुरुस्तीला स्थगिती दिली. मग 2016 मध्ये बंदीऐवजी परवाना आणि अटींचा वेगळा कायदा आला. जानेवारी 2019 च्या निकालात शाळांपासून एक किलोमीटर अंतर, सक्तीचे सीसीटीव्ही, दारूबंदी अशा अटी उडाल्या. संध्याकाळी 6 ते रात्री 11.30 ही वेळ आणि पैसे उधळण्यावरची बंदी टिकली. माझ्या मते 2014 ची दुरुस्ती मुळातच कच्ची होती, कारण तिने दोनपैकी एकच दोष झाकला.

पाया न काढता नुसता निकाल पुसायचा प्रयत्न कसा फसतो, हे 1991 च्या कावेरी प्रकरणात दिसतं. कर्नाटक-तमिळनाडू पाणीवाटपाच्या वादात लवादाने कर्नाटकाला पाणी सोडण्याचा अंतरिम आदेश दिला, कर्नाटकाने तो निष्प्रभ करणारा अध्यादेश काढला. स्वतःच्याच खटल्यात राज्य न्यायाधीश होऊन बसलंय, म्हणत सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. दुसरं उदाहरण न्यायाधिकरणांचं, म्हणजे ठरावीक विषयांचे वाद ऐकणाऱ्या मंडळांचं. त्यांच्या सदस्यांची चार वर्षांची मुदत आणि किमान 50 वर्षं वयाची अट सुप्रीम कोर्टात जुलै 2021 मध्ये रद्द झाली. संसदेने ऑगस्टमध्ये त्याच अटी कायद्यात घातल्या. त्या 2025 मध्ये पुन्हा रद्द झाल्या.

घटनादुरुस्ती केली तर? तिथे मूलभूत संरचनेची, म्हणजे दुरुस्तीनेही मोडता न येणाऱ्या घटनेच्या गाभ्याची, भिंत आहे. इंदिरा गांधींची निवडणूक न्यायालयीन तपासणीतून बाहेर काढणारं 39 व्या दुरुस्तीतलं कलम 1975 मध्ये त्याच भिंतीवर आपटलं.

असं विधेयक वाचताना आधी 'कोणत्याही न्यायालयाच्या निकालात काहीही अंतर्भूत असले तरी' हे शब्द शोधा. त्यांना घाबरू नका, वैधीकरण कायद्यात ते असतातच. मग निकालातली रद्द करण्याची कारणं एका कागदावर उतरवा आणि प्रत्येकासमोर विधेयकातलं ते कारण दूर करणारं कलम लिहा. एखाद्या कारणासमोरची जागा रिकामी राहिली, तर याचिका तिथूनच येणार.