पगार सोडला म्हणजे मोकळे झालो का?

प्रश्न : मी ३४ वर्षांची अविवाहित स्त्री असून नागपुरातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अकरा वर्षे परिचारिका आहे. पगार ४२ हजार रुपये. मनीषनगरच्या सदनिकेचा हप्ता १७ हजार असून कर्जाची साडेतीन वर्षे बाकी आहेत. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) ओळखीतून मलावी देशाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातल्या एका मिशन रुग्णालयात दोन वर्षांच्या सेवेची संधी आली आहे. राहायला खोली आणि आपल्या हिशेबाने महिना सुमारे १२ हजार रुपये मिळतील. चार कपडे आणि बायबल घेऊन निघावे आणि या सगळ्या कटकटीतून मुक्त व्हावे, असे मला फार वाटते. आई ६६ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. वडिलांच्या पश्चात तिला रेल्वेचे कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. ती म्हणते, "इथे मेडिकलमध्ये (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) रुग्ण कमी आहेत का?" पुण्याला राहणारा भाऊ म्हणतो की मी पळून चालले आहे. हे पाचारण (देवाचे बोलावणे) आहे की पळ, हे कसे ओळखावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जागेअभावी आपले पत्र येथे संक्षिप्त करून छापले आहे. मूळ पत्रात 'मुक्त' हा शब्द पाच वेळा आला आहे आणि 'रुग्ण' एकदाच, तोही आईच्या तोंडी. एवढ्यावरून मी भावाची बाजू घेणार नाही, कारण अकरा वर्षे अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केलेल्या माणसाला सुटावेसे वाटले तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. मात्र बायबलमधल्या, पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायातले तेरावे वचन पुन्हा एकदा काढून वाचा. स्वतंत्रतेसाठी पाचारण झाले आहे असे सांगून तो त्याच दमात, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, असे बजावतो. सेवेला जाणारा माणूस एक दावे सोडून दुसरे गळ्यात घालून घेत असतो. दुसरे आपण निवडलेले असते, इतकाच फरक. मलावीत रात्रपाळी चुकणार नाही.

आईच्या प्रश्नाला आपण बहुधा चुकीचे उत्तर देत आहात. असा प्रश्न कोणी एडिंबरोमध्ये विचारून अडवले असते, तर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आलेच नसते. ज्या स्कॉटलंडच्या फ्री चर्चने त्यांना पाठवले, त्याच चर्चने पुढे १८७५ मध्ये आजच्या मलावीत लिव्हिंगस्टोनिया मिशन सुरू केले. तेव्हा ज्या वाटेने आपल्या गावी माणसे आली, त्या वाटेने आपल्या गावातून कोणी जावे, यात वावगे काहीच नाही, किंबहुना ते राहून गेलेले देणे आहे. पण आईला हा इतिहास नको आहे. मेडिकलमधल्या रुग्णांची मोजदाद तिला करायची नाही. रात्री साखर उतरली तर दार कोण उघडील, हे ती विचारते आहे, आणि ते उघड विचारता येत नाही म्हणून मेडिकलचे नाव घेते आहे. त्याचे उत्तर भावासमोर बसून, नावानिशी आणि वारानिशी ठरवावे लागेल.

आता पैशाचे. १२ हजारांत साधे राहणे अवघड नाही, परंतु १२ हजारांतून १७ हजारांचा हप्ता जात नाही, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा संदेश त्या डोंगरावरही येणार. म्हणून माझा सल्ला असा की मिशन रुग्णालयाकडे दीड वर्षाची मुदत मागा आणि साधी राहणी विमानतळावर पोहोचण्याची वाट न पाहता येत्या एक तारखेपासून मनीषनगरातच सुरू करा. ४२ हजारांतून हप्ता आणि आपल्या खर्चाचे १२ हजार वजा जाता १३ हजार उरतात. अठरा महिन्यांत ते २ लाख ३४ हजार होतात. ते कर्जखात्यात भरत जा. बदलत्या व्याजदराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले म्हणून बँकेला दंड आकारता येत नाही. राहील त्या रकमेचा भार भावाने दोन वर्षे उचलावा, हे त्याला मागण्यासही मग आपले तोंड राहील. या अठरा महिन्यांत आपली चिडचिड वाढली, मैत्रिणींबरोबर बाहेर जेवायला न जाणे ही शिक्षा वाटू लागली, तर मलावीत ती कमी होणार नाही.

मंडळीत अशा वेळी ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचा दाखला हमखास दिला जातो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला ते निघाले १९१७ मध्ये, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी, हे सांगायचे राहून जाते. आणि त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, तेव्हा चूल कशी पेटत असे, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहून ठेवले आहे. घरातल्या एकाच्या अपरिग्रहाची किंमत पुष्कळदा दुसऱ्याला मोजावी लागते. टिळकांविषयी माझा आदर जराही उणावत नाही. मात्र निघण्यापूर्वी आपण लक्ष्मीबाईंची बाजू वाचावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मी आणि माझे यजमान झांबियाच्या पूर्व भागात एका मिशन रुग्णालयात चार वर्षे होतो. पहिल्या आठवड्यात मी मागच्या अंगणात गेले तर कपड्यांच्या दोरीवर रबरी हातमोजे ओळीने वाळत होते; धुऊन, वाळवून, आतून पावडर लावून ते पुन्हा वापरायचे होते, आणि फाटका कोणता हे पाण्यात बुडवून बुडबुडे पाहून ठरवायचे होते. नागपुरात एका पाळीत डबाभर हातमोजे फेकणाऱ्या मला ते पाहून आधी राग आला, नंतर लाज वाटली. रुग्णांचे नातेवाईक बाहेर चुलीवर मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवीत बसलेले असत. ते दृश्य मात्र मेडिकलच्या आवारात वावरलेल्या कोणालाही परके वाटू नये. तिथे माझ्या कौशल्यापेक्षा माझी मोडकी भाषाच अधिक उपयोगी पडली. आपल्याला उत्तर मलावीत चितुंबुका ही तिथली भाषा लागेल. दीड वर्षात शंभर वाक्ये जरी पाठ झाली तरी चालेल. हिस्लॉप यांनी गोंडांची भाषा आणि गाणी टिपून घेतली होती, ती काही सुट्टीतला छंद म्हणून नव्हे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. प्रमाणपत्रांवर अपोस्टील (ती परदेशात ग्राह्य धरली जावीत म्हणूनचा सरकारी शिक्का), पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला आणि तिथल्या परिचारिका परिषदेची नोंदणी, ही कामे आधी हाती घ्या. सदनिकेसाठी भावाच्या नावे मुखत्यारपत्र करा. अनिवासी झाल्यावर बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. येण्याजाण्याचे तिकीट आणि आजारपणाचा विमा कोण भरणार, हे लेखी मागा. सेवेकऱ्याने स्वतःचा खर्च स्वतः उचलण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. मर्सी शिप्स या रुग्णालय-जहाजांवर तर अनेक वर्षे स्वयंसेवक आपल्या राहण्याजेवण्याचे पैसे स्वतःच भरत असत. त्यासाठी मंडळीत वर्गणी काढावी लागली, तर प्रत्येक देणगीदाराला पत्र लिहिण्याचे बंधनही मुक्ततेच्या हिशेबात धरा.

निघण्याचा महिना निवडता आला तर मे मागा, कारण तिथला पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल असतो. मे-जूनमध्ये त्या डोंगरावर चांगलीच थंडी पडते. स्वेटर हिवाळ्यातच घेऊन ठेवा. नागपुरात मे महिन्यात तो मागितलात, तर दुकानदार आपल्याला आधी पाणी देईल.